थॉमस कोलच्या चित्रांतले जंगल आणि कुऱ्हाड

अमेरिकेत निसर्गचित्राला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः थॉमस कोल (१८०१–१८४८) या चित्रकारामुळे. न्यूयॉर्क राज्यातले हडसन नदीचे खोरे आणि नदीच्या पश्चिमेचे कॅट्सकिल पर्वत हा त्याचा मुलूख. पुढे ‘हडसन रिव्हर स्कूल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या चित्रकारांचा तो अध्वर्यू मानला जातो. त्याची कारकीर्द जेमतेम तेवीस वर्षांची, आणि याच वर्षांत या डोंगरांतली जंगलतोड ऐन भरात आली. त्यामुळे त्याची चित्रे क्रमाने पाहिली की जंगल ओसरताना दिसते आणि ते पाहणारी नजरही बदलताना दिसते. सुरुवातीला माणसाच्या खुणा चित्राबाहेर ठेवणारा कोल अखेरीस कुऱ्हाडवाल्यालाच चित्राच्या अग्रभागी आणतो.

कोल जन्माने इंग्रज. लँकशायरमधले बोल्टन हे त्याचे जन्मगाव, म्हणजे कापडगिरण्यांचा ऐन बालेकिल्ला. बोल्टनजवळच्या वेस्टहॉटनची यंत्रमागाची गिरणी १८१२ साली संतप्त कामगारांनी जाळली, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. कापडावरच्या छपाईसाठी नक्षी कोरण्याचे काम त्याने पोरवयातच केले. १८१८ मध्ये कुटुंब अमेरिकेला गेले. गिरण्या आल्या की मुलखाचे काय होते, हे त्याने लहानपणीच पाहिले होते. अमेरिकेत जन्मलेल्या त्याच्या समकालीनांना जंगल अमर्याद वाटत होते, त्याला तसे कधी वाटले नाही. याचे मूळ बोल्टनमध्ये शोधावे लागते.

१८२५ च्या शरद ऋतूत तो हडसनमार्गे पहिल्यांदा कॅट्सकिलमध्ये गेला. त्याच वर्षी ईरी कालवा पूर्ण होऊन हडसन नदी थेट ग्रेट लेक्सशी जोडली गेली. आदल्या वर्षी डोंगराच्या कड्यावर ‘कॅट्सकिल माउंटन हाउस’ हे मोठे हॉटेल सुरू झाले होते. या फेरीतली चित्रे न्यूयॉर्कच्या एका दुकानात विक्रीला मांडली गेली. जॉन ट्रंबुल या बुजुर्ग चित्रकाराने त्यांतले एक विकत घेतले, पाठोपाठ विल्यम डनलॅप आणि अ‍ॅशर ड्युरँड यांनी एकेक घेतले, आणि कोलचे नाव झाले.

या काळातले ‘फॉल्स ऑफ द काटरस्किल’ (१८२६) जवळून पाहण्याजोगे आहे. दोन टप्प्यांत कोसळणारा धबधबा, शरदात तांबूस झालेली झाडी, वर दाटलेले ढग आणि मधल्या कातळावर ठिपक्याएवढा एक आदिवासी पुरुष, एवढेच चित्रात आहे. प्रत्यक्षात तेव्हा धबधब्याच्या माथ्यावर प्रवाशांसाठी लाकडी सज्जा होता. वरच्या अंगाला लाकूड कापण्याच्या गिरणीसाठी पाणी अडवलेले असे, आणि पैसे मोजणाऱ्या प्रवाशांसाठी ते सोडून धबधबा ‘चालू’ केला जाई. कोलने हे सारे गाळले. त्या खोऱ्यांतून मोहिकनांसारख्या जमाती तोवर बहुतांशी हुसकावल्या गेल्या होत्या. त्यांच्यातला एक माणूस मात्र त्याने कातळावर उभा केला. हे चित्र देखणे आहे, तरी त्यात एक सोयीस्कर विसर आहे. जे नष्ट होत होते ते अबाधित दाखवायचे आणि ज्यांच्यापासून भूमी हिरावली गेली त्यांना तिचे अलंकार करायचे, हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हता, पण त्याच्यापुरता तो नाकारता येत नाही.

कोलच्या कार्यपद्धतीचाही यात वाटा आहे. तो बाहेर पेन्सिलीने रेखाटने करी, कडेला रंगांच्या नोंदी लिही आणि चित्र नंतर चित्रशाळेत रंगवी. मधे काही काळ जाऊ द्यावा, म्हणजे किरकोळ तपशील पुसट होऊन मुख्य ते उरते, असे त्याचे मत होते. काय किरकोळ आणि काय मुख्य, हे मात्र त्याच्यासाठी बदलत गेले.

१८२९ ते १८३२ तो युरोपात होता. लंडनमध्ये त्याने टर्नर पाहिला, रोमच्या परिसरात साम्राज्याचे अवशेष पाहिले. परतल्यावर ल्युमन रीड या व्यापारी आश्रयदात्यासाठी त्याने ‘द कोर्स ऑफ एम्पायर’ ही पाच चित्रांची मालिका (१८३३–१८३६) केली. एकाच खाडीकाठी रानटी अवस्था, मेंढपाळी अवस्था, वैभवाचा कळस, विध्वंस आणि अखेर ओसाडी असा हा क्रम आहे. माथ्यावर प्रचंड धोंडा असलेला डोंगर पाचही चित्रांत ओळखू येतो. तिसऱ्या चित्रात संगमरवरी इमारतींनी खाडी इतकी भरून जाते की हिरवळीला जागाच उरत नाही, आणि पाचव्यात एका उंच एकाकी खांबावर वेली चढतात. समकालीनांनी हा इतिहासाचा धडा म्हणून वाचला. त्यात निसर्ग आणि माणूस यांच्यातल्या हिशेबाची मांडणी आहे, हे नंतरच्या अभ्यासकांनी अधिक ठामपणे सांगितले. मालिका पूर्ण होण्यापूर्वीच, १८३६ च्या जूनमध्ये, रीड वारला.

त्या एका वर्षात कोलच्या विचारांतले बरेच काही एकत्र आले. जानेवारीत त्याचा अमेरिकन निसर्गावरचा निबंध एका मासिकात छापून आला. पर्वत, सरोवरे, धबधबे, नद्या, अरण्ये आणि आकाश अशा क्रमाने तो जातो. युरोपसारखे भग्न किल्ले आपल्याकडे नसले तरी अस्पर्श रान आहे आणि तेच या देशाचे वैभव, हा त्याचा मुख्य मुद्दा. शेवटाकडे सूर बदलतो. कुऱ्हाडीचा उच्छाद दररोज वाढतो आहे, सुंदर जागा उजाड होताहेत, आणि हे ज्या बेपर्वाईने चालले आहे ती सुसंस्कृत म्हणवणाऱ्या समाजाला शोभत नाही, असे तो म्हणतो. तरीही समाजाला याच वाटेने जावे लागणार असे त्याला वाटते. तोड थांबवण्याचा कोणताही उपाय तो सुचवत नाही. चीड आणि हतबलता यांचे हे मिश्रण त्याच्या पुढच्या सगळ्या कामात आहे.

त्याच वर्षी कॅट्सकिल गावाजवळून कॅनाजोहारीच्या दिशेने रेल्वे टाकण्याचे काम सुरू झाले. कोल आता याच गावात राहत होता, आणि त्याच्या रोजच्या फिरण्यातल्या दरीतली झाडे या मार्गासाठी पडू लागली. मार्चमध्ये रीडला लिहिलेल्या पत्रात त्याने झाडे तोडणाऱ्यांना अतिशय कडक शब्दांत रानटी ठरवले. याच दरीचे ‘व्ह्यू ऑन द कॅट्सकिल – अर्ली ऑटम’ (१८३६–३७) हे चित्र मात्र रेल्वेपूर्वीची दरी दाखवते. शांत पाणी, फुले घेऊन येणारी आई, तिचे बाळ आणि मागे निळसर डोंगर. जे समोर कापले जात होते ते त्याने चित्रात जपले.

‘द ऑक्सबो’ हेही १८३६ चेच. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होल्योकवरून दिसणारे कनेक्टिकट नदीचे वळण त्याचा विषय आहे. डावीकडे वादळ सरून जाणारे रान आणि मोडके बुंधे, उजवीकडे उन्हात न्हालेली, चौकोनी आखलेली शेते, असे चित्र तिरके दुभागलेले आहे. खाली दगडांच्या आड टोपी घातलेला चित्रकार स्वतः बसला असून मागे वळून पाहतो आहे. दूरच्या टेकडीवर झाडे तोडल्याचे फिकट पट्टे दिसतात. ते हिब्रू अक्षरांसारखे दिसतात असे काही अभ्यासकांनी म्हटले आहे. तो अर्थ मान्य केला नाही तरी चालते. तोडीचे व्रण त्या टेकडीवर आहेत आणि ते कोलने गाळलेले नाहीत, हे अधिक महत्त्वाचे.

यानंतर खुंट पुढे सरकत येतात. ‘क्रॉफर्ड नॉच’च्या चित्रात (१८३९) खिंडीतल्या घराभोवती तोडलेल्या झाडांची थोटके उभी आहेत. १८४१ मध्ये कोलने अरण्य स्वतःच्या तोंडाने आपला अंत सांगते अशी एक दीर्घ कविता प्रसिद्ध केली. आणि १८४३ मध्ये, सात वर्षांपूर्वी जपलेल्या त्याच दरीचे ‘रिव्हर इन द कॅट्सकिल्स’ रंगवले. आधीच्या चित्रात दृश्याला चौकट देणारी झाडे होती, ती इथे नाहीत. जमीन उघडी पडली आहे, अग्रभागी कुऱ्हाड घेतलेला माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे, आजूबाजूला खुंट आणि फांद्या आहेत. मधल्या अंतरावर पुलावरून एक इवलीशी आगगाडी धूर सोडत जाते आहे. कोलच्या आयुष्यातले सर्वांत प्रामाणिक निसर्गचित्र हेच म्हणावे लागेल. त्यात आक्रोश नाही. आकाश निर्मळ आहे, डोंगर जिथल्या तिथे आहेत, आणि त्यामुळेच झालेले नुकसान डोळ्यांत भरते.

कोलच्या नजरेतून एक मोठी गोष्ट मात्र निसटली. कॅट्सकिलच्या उंच उतारांवरचे रान मुख्यतः चामड्यासाठी गेले. तिथल्या हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षाच्या सालीत टॅनिन भरपूर असते. महाराष्ट्रात बाभळीच्या सालीचा जो उपयोग होत आला, तोच तिथे हेमलॉकच्या सालीचा. साल अवजड आणि कच्ची कातडी त्या मानाने हलकी, म्हणून कातडीच दक्षिण अमेरिकेतून जहाजाने आणून हडसनमार्गे डोंगरात चढवली जात. उन्हाळ्याच्या तोंडाला झाडात रस चढला की साल सहज सुटते, तेव्हा झाडे पाडून ती सोलत आणि बुंधे बहुधा तिथेच कुजत पडत. झेडॉक प्रॅटने १८२४ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याभोवती प्रॅट्सव्हिल हे गावच वसले. सुमारे वीस वर्षांत आसपासचे हेमलॉक संपले आणि कारखाना बंद झाला. कोलच्या चित्रांत या कारखान्यांना जवळजवळ जागा नाही. त्याचा राग दृश्य नासवणाऱ्या माणसावर होता. त्या माणसामागचा व्यापार त्याने कधी नीट तपासला नाही.

कोल ११ फेब्रुवारी १८४८ रोजी कॅट्सकिलमध्येच वारला. चामड्याच्या धंद्याने मागे ठेवलेले उघडे उतार सँफर्ड गिफर्ड या पुढच्या पिढीतल्या चित्रकाराने ‘हंटर माउंटन, ट्वायलाइट’ (१८६६) मध्ये रंगवले. सांजवेळी डोंगराची काळी रेघ, चंद्रकोर आणि खाली खुंटांनी भरलेले कुरण. हे चित्र जेम्स पिंशो या व्यापाऱ्याकडे होते. त्याने आपल्या मुलाचे नाव या चित्रकारावरून गिफर्ड ठेवले, आणि हाच गिफर्ड पिंशो १९०५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला.

दरम्यान जॉर्ज पर्किन्स मार्शच्या ‘मॅन अँड नेचर’ (१८६४) या ग्रंथाने जंगल, माती आणि पाणी यांचा संबंध पुराव्यानिशी मांडला. न्यूयॉर्क राज्याने १८८५ मध्ये अ‍ॅडिरोंडॅक आणि कॅट्सकिल इथली सरकारी जमीन राखीव वन म्हणून जाहीर केली, ती कालव्यांचे पाणी आणि इमारती लाकूड यांच्या काळजीने. चित्रांचे श्रेय त्यात थेट मोजता येत नाही. या डोंगरांना पाहण्यासारखे, राखण्यासारखे स्थळ म्हणून लोकांच्या मनात बसवण्याचे काम मात्र चित्रांनी साठ वर्षे केले होते. १८९४ च्या राज्यघटनेने ही वने कायम रानच राहतील, त्यांतले लाकूड विकले वा तोडले जाणार नाही, असे कलम घातले. कॅट्सकिलमधले राखीव वन सुरुवातीला सुमारे ३४ हजार एकर होते, आज ते पावणेतीन लाख एकरांहून अधिक आहे आणि काटरस्किलचा धबधबा त्यातच येतो.