वॉर्ड कुणाला सुटला?

"नगरपालिका चालते कशी, ते एकदा साध्या भाषेत लिहा," असं संपादक म्हणाले. मी मुद्दाम आरक्षण सोडतीचा दिवस निवडला. सर्वसाधारण सभेला नगरसेवक कंटाळत येतात, सोडतीला मात्र अख्खं गाव लोटतं.

कायद्याची ओळख थोडक्यात करून देतो. महाराष्ट्रातली छोटी शहरं 1965 च्या नगरपरिषद अधिनियमावर चालतात. लोकसंख्या 1 लाखाच्या वर असेल तर 'अ' वर्ग, 40,000 च्या वर 'ब' आणि त्याखाली 'क'. माथेरान, पन्हाळा ही थंड हवेची गावंही 'क' वर्गातच येतात. मुंबईत एका नगरसेवकामागे सरासरी 50,000 हून जास्त माणसं आहेत. पन्हाळ्यात तेवढी माणसं गोळा करायची तर पर्यटक धरावे लागतील. गाव एवढंसं असलं तरी यंत्रणा सगळी आहे : नगराध्यक्ष, उपाध्यक्ष, विषय समित्यांचे सभापती, मताचा अधिकार नसलेले स्वीकृत सदस्य, आणि शासनाने पाठवलेले मुख्याधिकारी. गावात त्यांना सगळे 'सीओ साहेब' म्हणतात.

मी मात्र रमलो तो त्या सोडतीत. नगरपरिषदेचा एक प्रभाग साधारण दोन सदस्यांचा असतो, म्हणून 1 अ, 1 ब अशा जागा. अनुसूचित जातीच्या जागा कुठे पडणार हे चिठ्ठीवर ठरत नाही. ज्या प्रभागात त्या लोकसंख्येचं प्रमाण जास्त, तिथून उतरत्या क्रमाने जागा दिल्या जातात. चिठ्ठी निघते ती ओबीसी आणि महिलांच्या जागांसाठी. महिलांना निम्म्या जागा, हे 2011 पासून.

चिठ्ठ्या तयार करणारे निवडणूक विभागाचे लिपिक पन्नाशीचे होते. एकाच कागदाच्या एकसारख्या पट्ट्या, प्रत्येकीची सारखीच घडी, वर रबर. मागे कधीतरी एकाने 'ही चिठ्ठी जाड दिसते' म्हणून हरकत घेतली होती, तेव्हापासून पट्टी मोजून कापतात. प्रत्येक चिठ्ठी सभागृहाला उघडून दाखवायची, मग पारदर्शक डब्यात टाकायची. काढायला नगरपालिका शाळेतली मुलगी. तिने चिठ्ठी दिली, साहेबांनी वाचली, लिपिकांनी फळ्यावर लिहिलं : 'सर्वसाधारण (महिला)'. मागच्या रांगेतले एक इच्छुक लगेच फोन घेऊन बाहेर गेले. गेली पाच वर्षं त्यांनी त्या वॉर्डात लग्नं, बारशी, मयती चुकवल्या नव्हत्या. "आता वहिनींचा फॉर्म," शेजारचा मला म्हणाला. तोवर घरी वहिनींना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

तरी या चिठ्ठीबद्दल मला आदर वाटला. लिपिक म्हणाले, "इथं पाणी सोडायच्या वेळेवरून भांडणं होतात. पण डब्यातनं निघालेलं सगळे मुकाट्याने ऐकतात. फार तर हरकत लिहून देतात."

पुढच्या टप्प्यावर मात्र एवढं एकमत नसतं. नगराध्यक्ष थेट जनतेने निवडावा की नगरसेवकांनी, यावर राज्याचं मन ठरलेलंच नाही. 1974 ला थेट, 2001 ला थेट, 2016 ला पुन्हा थेट. 2020 मध्ये ती पद्धत रद्द झाली, 2022 मध्ये परत आली. त्यामुळे नगरपरिषदेच्या मतदाराला बहुतेक ठिकाणी तीन मतं द्यावी लागतात : एक नगराध्यक्षाला, दोन प्रभागातल्या जागांना. थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं सहज होतं. मग नगराध्यक्षांनी सभा बोलवायची आणि बहुमताने त्यांचेच विषय फेटाळायचे.

त्यातही सही मुख्याधिकाऱ्यांची. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर कलम 308 खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. गावात याला नुसतं 'तीनशेआठ' म्हणतात. हरलेल्या गटाचं ते आवडतं हत्यार.

निवडणूक वेळेवर झाली तर हे भांडण तरी होतं. राज्यघटनेने पाच वर्षांची मुदत घातली आहे. पण ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला, मुदती संपत गेल्या आणि बहुतेक नगरपालिका प्रशासकांच्या हाती गेल्या. बऱ्याच ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान धरल्यावर डिसेंबरात मतदान झालं. मधल्या काळात काही गावांत कामं झपाट्याने झाली, असं लोक खुशीने सांगतात, आणि मला काळजी वाटते ती याच खुशीची. नळाला पाणी आलं नाही तर रात्री दहाला ज्याचं दार वाजवायचं, तो माणूसच तेव्हा नव्हता.

पैशाच्या बाबतीतही सगळं शासनावरच अडतं. जकात 1999 मध्ये गेली. घरपट्टी-पाणीपट्टीत पगारही भागत नाहीत, म्हणून शासनाच्या अनुदानाकडे डोळे. आणि निवडून आलेली बॉडी नसेल तर पंधराव्या वित्त आयोगाचा हप्ता अडकायचा. सोडतीच्या चिठ्ठ्या करणाऱ्या त्याच लिपिकांकडे जन्म-मृत्यूची नोंदही आहे. मतदार यादीवरच्या हरकती त्यांनी त्याच टेबलावर निपटल्या. मेलेल्यांची नावं यादीत का, असं विचारणाऱ्यांना ते शांतपणे सांगायचे की नाव कमी करायचा अर्ज घरच्यांनी करायचा असतो, आणि कोऱ्या अर्जांचा गठ्ठा पुढे सरकवायचे.