बाळंतपण माहेरी, फाईल सासरी

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आपल्याकडे अजून चांगलाच टिकून आहे. डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि मुलगी ठाण्याहून जळगावला किंवा पुण्याहून साताऱ्याला निघते. आठव्यात प्रवास नको म्हणून कुणी सातव्यातच नेतं, कुणी नववा लागल्यावर. या रिवाजात शहाणपण आहेच. पहिलटकरणीला आईपाशी मोकळेपणाने कण्हता येतं, उशिरा उठता येतं, हवं ते मागून खाता येतं. अडचण एकच. तपासण्या दाट होतात, बाळाचं डोकं खाली आहे की नाही हे बघायची वेळ येते, रक्तदाब चढू शकतो, नेमका तेव्हाच डॉक्टर बदलतो. मुलीबरोबर झबली-टोपडी आणि चार डबे जातात. फाईलमधले निम्मे कागद मात्र सासरच्या कपाटात राहतात.

याचा पहिला फटका बसतो तारखेला. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख निघते; पाळी 10 जानेवारीला आली असेल तर 17 ऑक्टोबर. पण पाळी सगळ्यांची अठ्ठावीस दिवसांची नसते आणि तारीख सगळ्यांना आठवतही नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी महत्त्वाची. त्या वयाचे गर्भ जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात, त्यामुळे तेव्हा मोजलेलं वय फार तर काही दिवसांनी चुकतं. आठव्या महिन्यात कुणाचं बाळ अंगाने थोराड असतं, कुणाचं बारीक, त्यामुळे तेव्हाच्या सोनोग्राफीत दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. माहेरच्या गावात नवी सोनोग्राफी होते, त्यावर नवी तारीख छापून येते आणि घरात गोंधळ उडतो. पहिल्या तिमाहीत पक्की झालेली तारीख नंतर बदलायची नसते. पण तो पहिला रिपोर्ट हाताशीच नसेल, तर नव्या डॉक्टरने ठरवायचं कशावरून? बाळ खरंच वाढत नाहीये की तारीखच चुकली, हा प्रश्न मग अकारण उभा राहतो, आणि कधीकधी त्याचं उत्तर घाईच्या सिझरने दिलं जातं.

तारखेचं फार मनावरही घेऊ नये. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात पाचेक असतील. सदतीस आठवडे पूर्ण झाल्यापासून पुढे बाळ पूर्ण दिवसांचं धरतात. तारीख उलटली म्हणजे काही बिघडलंच असं नाही, फक्त त्यानंतर डॉक्टरांच्या नजरेखाली राहायचं.

आता तपासण्या. सरकारी वेळापत्रकात किमान चार आहेत: पहिली बारा आठवड्यांच्या आत, शेवटची छत्तीस आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये किमान आठ भेटी सुचवल्या. वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन हे दर वेळी बघतात, म्हणून ते किरकोळ वाटतं. दगा देतं ते नेमकं यातलंच काहीतरी.

हिमोग्लोबिन घ्या. अकराच्या खाली आलं की पंडुरोग, सातच्या खाली गेलं की गंभीर. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायका पंडुरोगी आढळल्या. नॉर्मल बाळंतपणातसुद्धा थोडंफार रक्त जातंच आणि अर्धा लिटरच्या वर गेलं की तो अतिरक्तस्राव. बारा हिमोग्लोबिनची बाई त्यातून सावरते. सात असलेली त्याच रक्तस्रावाने अत्यवस्थ होते. लोहाची गोळी किमान 180 दिवस घ्यायची ती यासाठी. शी काळी होते, बद्धकोष्ठ होतो, मळमळतं, म्हणून बऱ्याच जणी गोळ्या गुपचूप डब्यात साठवतात. तसं न करता डॉक्टरांना सांगावं, गोळी बदलून मिळते. आणि लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेतली तर अंगाला फारशी लागत नाही. एक सकाळी, एक रात्री, इतकं साधं आहे.

रक्तदाबाचं दुखणं याहून लबाड. विसाव्या आठवड्यानंतर तो 140/90 किंवा त्याच्या वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर पुढे झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. सुरुवातीला बाईला काही होत नाही. मग डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, बरगडीखाली दुखतं, उलटी होते. घरातलं निदान ठरलेलं: पित्त झालं असेल, लिंबूपाणी दे. सातव्या महिन्यानंतरचं असं ‘पित्त’ रक्तदाब मोजल्याशिवाय पित्त मानू नये. चेहरा अचानक सुजणं, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, ताप, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघायचं.

साखरेच्या चाचणीला उपाशीपोटीच जायला हवं असं नाही. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घोळून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, ते कमालीचं गुळमट लागतं, आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर 140 किंवा अधिक आली तर गरोदरपणातला मधुमेह. एकदा सुरुवातीला आणि पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत ही चाचणी करतात. दुसरी चाचणी नेमकी डोहाळजेवणाच्या लगबगीत येते आणि राहून जाते. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमाराला द्यायच्या अँटी-डी इंजेक्शनचंही तेच. सासरचे डॉक्टर समजतात तिकडे घेईल, माहेरचे समजतात तिकडे झालं असेल.

कागद सोबत नसला तर काय होतं याचा आणखी एक नमुना. गर्भाशयाचं तोंड अवेळी सैल पडून ज्यांचे गर्भ पडतात, त्यांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिथे टाका घालतात. ही शस्त्रक्रिया जगाला दिली ती गोव्यातल्या शिरोड्याचे आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी. 1955 मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि आज ‘शिरोडकर टाका’ म्हणूनच पाठ्यपुस्तकांत आहे. हा टाका साधारण छत्तीस-सदतीस आठवड्यांत काढायचा असतो. तो तसाच राहून कळा सुरू झाल्या तर गर्भाशयाचं तोंड फाटू शकतं. टाका घातलाय हे बाईला माहीत असतं, पण कधी काढायचा हे कागदावर असतं.

सरकारी व्यवस्थेत यावर तोडगा आहे, माता व बाल संरक्षण कार्ड. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात नाव नोंदवलं की ते मिळतं आणि कुठल्याही गावी चालतं. खासगी दवाखान्यात जाणाऱ्या बायका ते घ्यायचा कंटाळा करतात. करू नये. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, 2016 पासून. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे, हा 2011 पासूनचा हक्क आहे. त्यासाठी 102 किंवा 108 नंबर. आदिवासी भागांत, जिथे पावसाळ्यात नाला आडवा येतो, तिथे काही प्राथमिक आरोग्य केंद्रांशेजारी ‘माहेरघरं’ आहेत. तारखेच्या काही दिवस आधी तिथे येऊन राहायचं.

माहेरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात दवाखाना ठरवावा. ठरवताना ‘तुमच्याकडे नॉर्मल होतात ना?’ हा प्रश्न सगळे विचारतात. त्याला कुठलेही डॉक्टर ‘हो’ म्हणणार. विचारायचं ते वेगळं आहे. रात्री दोन वाजता सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? तालुक्याच्या बऱ्याच नर्सिंग होममध्ये ते फोन केल्यावर दुसऱ्या दवाखान्यातून येतात. रक्त कुठून आणावं लागेल? बाळाला काही झालं तर बालरोगतज्ज्ञ इथे आहेत की बाळ जिल्ह्याला न्यावं लागेल? कळांच्या वेळी आई किंवा बहीण आत थांबू शकेल का? सोबतीण आत ठेवायला केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत 2016 मध्येच मान्यता दिली. धीर देणारं माणूस उशाशी असलं की कळा सोसवतात आणि सिझरचं प्रमाणही कमी राहतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. तरी लेबर रूमच्या दारावर ‘नातेवाइकांनी बाहेर थांबावे’ ही पाटी अजून आहेच.

खऱ्या कळा ओळखायच्या कशा? खोट्या कळा कुशीवर झोपलं, पाणी प्यायलं की विरतात. खऱ्या कळा पाठीतून पुढे येतात, ठरावीक अंतराने येतात, आणि ते अंतर कमी कमी होत जातं. पहिल्या खेपेला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघावं. दवाखाना लांब असेल तर त्याआधीच. त्यानंतरचा टप्पा नातेवाइकांची परीक्षा बघणारा. गर्भाशयाचं तोंड दहा सेंटिमीटर उघडायचं असतं. पहिले चार-पाच सेंटिमीटर उघडायला कधी अख्खा दिवस जातो. तासाला एक सेंटिमीटर हा जुना हिशेब, पण सगळ्यांचं शरीर त्या वेगाने चालत नाही, आणि नुसता वेग कमी आहे म्हणून घाई करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितलं. आई आणि बाळाचे ठोके ठीक असतील तर हिंडावं, पाणी प्यावं, डाव्या कुशीवर पडावं. बाहेर मात्र ‘अजून का होत नाही’ म्हणून मामा-काका येरझारा घालत असतात. निम्मी सिझर या येरझाऱ्यांनी होतात असं म्हटलं तर डॉक्टर रागावतील, पण दबाव येतो हे तेही मान्य करतात.

पोट वरून दाबून बाळ ढकलण्याची पद्धत काही ठिकाणी अजून चालते. ती धोक्याची आहे आणि तिला शास्त्राचा पाठिंबा नाही. बाळ बाहेर आल्यावर नाळ मिनिटभर तरी थांबून बांधावी, बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवावं, तासाच्या आत अंगावर घ्यावं. नॉर्मलला आणि सिझरला हे सारखंच लागू आहे. सिझरनंतर दूध येत नाही ही समजूत चुकीची आहे. दूध उतरायला थोडा उशीर लागू शकतो, इतकंच.

आणि सिझर. वर सांगितलेल्याच 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रात शंभरातली पंचवीस बाळं सिझरने झालेली दिसतात. देशभरात खासगी रुग्णालयांत हे प्रमाण 47 टक्क्यांच्या वर आणि सरकारी रुग्णालयांत 14 च्या आसपास. बायकांची शरीरं सरकारी-खासगी अशी बदलत नाहीत, तेव्हा हा फरक सगळाच वैद्यकीय नाही हे उघड आहे. अवघड रुग्ण सरकारीत कमी येतात असंही नाही. मुहूर्त काढून आणणारे नातेवाईक, कळांची भीती, एकट्या डॉक्टरचा दवाखाना, खटल्याची धास्ती, सगळ्याचा त्यात वाटा आहे. दुसऱ्या टोकाला, वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, नाळ आधी बाहेर पडली असेल, बाळ आडवं असेल, ठोके घसरले असतील, तर सिझर जीव वाचवतं आणि तिथे उशीर नडतो. पायाळू बाळासाठीही आता बहुतेक ठिकाणी सिझरच करतात. नाळेचा मानेला वेढा हे मात्र एकटं कारण पुरत नाही. चारातल्या एखाद्या बाळाला तो असतोच आणि बहुतेक सुखरूप जन्मतात. कारण विचारण्यात उद्धटपणा नाही. ‘आत्ता थांबलं तर काय होईल?’ एवढं विचारावं. खरी घाई असेल तर उत्तर एका वाक्यात मिळतं.

ऑपरेशन ठरलेलं असेल तर सहा-आठ तास पोट रिकामं ठेवतात, लघवीची नळी घालतात, बसवून किंवा कुशीवर वळवून पाठीत भूल देतात. कमरेखालचं शरीर जड होतं, बाई जागीच असते. छातीपाशी हिरवा पडदा. दुखत नाही, पण आत कुणीतरी ओढतंय, दाबतंय हे कळतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर भूल चढली नाही असं वाटून घाबरायला होतं. ओटीपोटावर आडवा छेद, मग गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागावर दुसरा. पाच-दहा मिनिटांत बाळ बाहेर येतं, टाके घालायला अर्धा-पाऊण तास लागतो. पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनने जन्मभर पाठ दुखते असं म्हणतात, तसं दिसत नाही. नॉर्मल झालेल्या बायकांच्याही पाठी दुखतातच.

एकदा सिझर म्हणजे पुढे कायम सिझर, असंही नाही. छेद खालचा आडवा असेल, पहिल्या वेळचं कारण पुन्हा नसेल आणि गरज पडताच ऑपरेशन करता येईल असं रुग्णालय असेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींची दुसऱ्या खेपेला नॉर्मल होते. जुना टाका उसवण्याचा धोका दोनशेत एखादीला असतो आणि तो गंभीर असतो. म्हणून सिझर का केलं आणि गर्भाशयावरचा छेद कसा होता, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्यावं.

घरी आल्यावर शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सुरू होते. लाडू जरूर खावेत. शेगडीबद्दल मात्र माझं मत कडक आहे. खिडक्या बंद करून बाळंतिणीच्या खोलीत कोळसे पेटवणं म्हणजे आई आणि बाळ दोघांना धुरात आणि विषारी वायूत कोंडणं. पाणी कमी प्यायला लावणंही तसंच वाईट. आशाताई बाळाला बघायला तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरल्या दिवशी येतात. रक्त जास्त जातंय, ताप आहे, टाक्यातून पाणी येतंय, सारखं रडू येतंय, झोप उडालीय, हे त्यांना संकोच न करता सांगावं. सहा आठवड्यांनी आईची एक तपासणी असते. बारसं उरकलेलं असतं, बाळाच्या लसीकरणाची तारीख सगळ्यांच्या लक्षात असते आणि ही नेमकी राहते. गरोदरपणात साखर वाढली होती तिने ती तेव्हा पुन्हा तपासायची, रक्तदाब असलेल्यांनी तो. पाळणा लांबवायचा विषयही डॉक्टर तिथेच काढतात, त्यामुळे त्या दिवशी जावयाने रजा टाकून सासुरवाडीला यावं.