झाडावरील कामासाठी यांत्रिक करवतीची निवड

जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत झाडावर चढून फांद्या तोडणे हे काम नवीन नव्हे. नागली, वरई व भात यांच्या रोपांसाठी राब भाजावयाचा, म्हणून ऐनासारख्या झाडांचे टहाळ तोडण्याची रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बारीक टहाळासाठी कोयत्यासारखे हत्यार नाही. परंतु 1990 साली राज्यात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली व पुढे या भागातही आंबा-काजूच्या वाड्या उभ्या राहिल्या. त्यांतील जुनी झाडे आता दाटली आहेत आणि त्यांच्या जाड फांद्या काढणे भाग पडते. अशी फांदी घाव घालून तोडली म्हणजे ती सालीसह चिरफळते. जखम लवकर भरत नाही व कीड-रोगांस वाट मिळते. करवतीचा काप स्वच्छ पडतो. म्हणूनच पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीची मागणी वाढली आहे. हे यंत्र जितके उपयोगी तितकेच घातक असल्याने ते पारखूनच घेणे इष्ट होय.

दोन प्रकार

साखळी-करवतीचे मुख्य प्रकार दोन. पहिलीची मूठ मागे असते. ती दोन्ही हातांनी धरून जमिनीवर उभे राहून चालवावयाची असते. दुसरीची मूठ इंजिनाच्या वर असते. ती आखूड व हलकी असून, दोरखंड व कमरपट्टा बांधून झाडावर काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी बनविलेली आहे. आंतरराष्ट्रीय मानकांतही या दोहोंसाठी वेगवेगळे भाग आहेत : जमिनीवरील करवतीसाठी आयएसओ 11681-1 व झाडावरील करवतीसाठी आयएसओ 11681-2.

वरच्या मुठीची करवत हलकी म्हणून सोयीची, असा समज पुष्कळांचा होतो. तो चुकीचा आहे. मूठ वर असल्याने ती एका हाताने चालविण्याचा मोह होतो, आणि तेथेच अपघात घडतो. पात्याच्या टोकाचा वरचा भाग फांदीस लागला की साखळीचे दात तेथे अडकतात व सारे पाते क्षणार्धात चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. साखळी दर सेकंदास सुमारे 20 मीटर वेगाने धावत असते. एका हाताने ही उसळी आवरत नाही. शिवाय मोकळा हात बहुधा कापाच्या जवळच असतो.

कोणी कोणती घ्यावी

ज्याची स्वतःची वाडी लहान आहे, त्याने बारीक फांद्यांसाठी चांगली हात-करवत व उंच फांद्यांसाठी लांब दांड्याची करवत वापरावी. पडलेली झाडे व जाड ओंडके कापावयाचे असल्यास मागच्या मुठीची करवत पुरते. वरच्या मुठीची करवत गटाने किंवा अवजार बँकेने घ्यावी. आणि तीही दोरखंड, कमरपट्टा, शिरस्त्राण व प्रशिक्षित माणूस यांची तजवीज झाल्यावरच. करवतीचे पैसे आहेत, पण दोरखंडाचे नाहीत, अशी स्थिती असल्यास खरेदी पुढे ढकलावी.

दुकानात करावयाची पारख

1. वजन : इंधन व तेल भरून करवत हातात घेऊन पाहावी. खांद्याच्या उंचीवर काही वेळ धरल्यास हात थरथरू लागला, तर ती झाडावर नेण्याजोगी नाही.
2. पाते : झाडावरील कामास 25 ते 35 सेंटिमीटर लांबीचे पाते पुरेसे असते. त्याहून लांब पाते फांद्यांत अडकते.
3. साखळीचा ब्रेक : पुढील ढाल मुठीपासून पात्याकडे ढकलताच धावती साखळी तत्काळ थांबली पाहिजे.
4. मंद गती : इंजिन मंद चालू असता साखळी मुळीच फिरता कामा नये.
5. मुठीचा खटका : मूठ पूर्ण धरल्याशिवाय वेगाचा खटका दबता कामा नये.
6. तेल : करवत वेगात चालवून टोक कोऱ्या कागदासमोर धरावे. कागदावर तेलाची रेघ उमटल्यास साखळीस तेल मिळत आहे असे समजावे.
7. सुटे भाग : साखळी, पाते, प्लग व गाळणी कोठे मिळतील आणि दुरुस्ती कोण करील, हे आधी विचारावे. एका गाळणीसाठी नाशिकपर्यंत खेप पडत असेल, तर स्वस्त यंत्रही महाग ठरते.

इंधन व निगा

या इंजिनास पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळावे लागते. प्रमाण 50 : 1 असल्यास एक लिटर पेट्रोलास 20 मिलिलिटर, व 25 : 1 असल्यास 40 मिलिलिटर तेल घ्यावे. कोणते प्रमाण घ्यावयाचे ते यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. तेल कमी पडल्यास इंजिन जळते. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून आपल्या यंत्रास किती इथेनॉल चालते ते पाहावे, आणि पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून उरलेले इंधन जाळून टाकेपर्यंत इंजिन चालवावे.

साखळीची धार तिच्या मापाच्या गोल कानशीने लावावी. आजची साखळी अमेरिकेतील जोसेफ कॉक्स यांनी 1940 नंतरच्या दशकात, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे पाहून घडविली. अळी लाकूड डावी-उजवीकडे कुरतडते, तसेच साखळीचे दातही आळीपाळीने डावे-उजवे असतात. म्हणून दोन्ही बाजूंचे दात सारखेच घासावेत. करवतीतून ढलप्यांऐवजी पीठ पडू लागले, म्हणजे धार गेली असे ओळखावे. बोथट करवत दाबून चालवू नये.

शेवटची सूचना

काम करताना करवत दोन्ही हातांनीच धरावी, खाली कोणास उभे राहू देऊ नये व एकट्याने झाडावर चढू नये. पावसात आणि ओल्या सालीवर हे काम वर्ज्य समजावे. आंबा, ऐन, मोह, हिरडा यांसारखी झाडे तोडण्यास 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्यान्वये परवानगी लागते, हेही लक्षात ठेवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करवतीच्या प्रात्यक्षिकाआधी दोरखंड बांधण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे. छाटलेल्या झाडास पुन्हा पालवी फुटते. झाडावरून पडलेल्या माणसाचे तसे नसते.