हवा लोहचुंबकाला चिकटते का?

लेक सायन्सला गेली की घरात प्रश्नांची रीघ लागते. मग ती सांगलीच्या विलिंग्डनमध्ये असो, नाहीतर साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाण कॉलेजात. आपण पोळी लाटता लाटता ‘जा गं, बाबांना विचार’ म्हणून मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, आजचा हा प्रश्न तुम्हीच सोडवा.

हवेत मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन. खूप थंड केले की दोघांचंही पाण्यासारखं द्रव होतं. यातला नायट्रोजन गोठा असलेल्या घरांच्या ओळखीचा आहे, बरं का! जनावरांचे डॉक्टर कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या टाकीतून आणतात, तिच्यात तोच असतो; उणे १९६ अंशांवर.

वर्गात हा नायट्रोजन शक्तिमान चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ओतला, तर सरळ खाली पडतो. मग फिकट निळा ऑक्सिजन ओततात, उणे १८३ अंशांचा. तो मात्र दोन टोकांमध्ये अडकून राहतो, अगदी उडून जाईपर्यंत! १८९१ साली लंडनमध्ये जेम्स ड्यूअर यांनी द्रव ऑक्सिजन चुंबकाकडे झेपावतो, हे दाखवलं होतं.

असं का? इलेक्ट्रॉन जोडीनं राहिले की एकमेकांचं चुंबकत्व पुसून टाकतात. नायट्रोजनमध्ये सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या. ऑक्सिजनच्या रेणूत मात्र दोघे बिनजोडीचे. तेच चुंबकाकडे धाव घेतात.

निम्मा प्रयोग घरीही होईल. झाडूच्या हलक्या काडीच्या दोन टोकांना तासगावची दोन टपोरी द्राक्षं खोचा. काडी मधोमध दोऱ्यानं टांगा, पंखा बंद करा आणि ती स्थिर होऊ द्या. आता निओडिमियमचा जोरदार चुंबक एका द्राक्षाजवळ न्या, टेकवू नका. द्राक्ष हळूच दूर सरकेल! चुंबक उलटा धरलात तरी दूरच. द्राक्षातल्या पाण्याचा स्वभावच तसा, आणि नायट्रोजनचाही तसाच.

मात्र हौसेनं डॉक्टरांकडून नायट्रोजन मागून आणू नका. बाटलीत भरून बूच लावलं, तर बाटली फुटते. बंद खोलीत तो पसरला तर वासही येत नाही आणि जीव गुदमरतो. द्रव ऑक्सिजनजवळ तेल किंवा ठिणगी आली, की भडका! ते काम वर्गातच, जाणत्या शिक्षकांच्या हातून व्हावं. निओडिमियमचे चुंबकही लहान मुलांपासून दूर ठेवा. पोटात गेले तर आतड्यांना इजा करतात.

द्राक्षं मात्र प्रयोगानंतर धुऊन लेकीबरोबर खा. आणि पुढचा प्रश्न तुम्हीच तिला विचारा!