सेकंड हँड ‘थ्री सिरीज’ घेताय? आधी कान लावा!

जुनी बीएमडब्ल्यू ३२०डी नव्या हॅचबॅकच्या भावात दिसली की ग्रुपवर लगेच ‘घेऊन टाक भावा’ सुरू होतं. थांबा! गाडी स्वस्त झाली, पार्ट्स नाही झाले. २०१२ साली भारतात आलेल्या ‘एफ३०’ मॉडेलच्या डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती बदलायची तर गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिनच उतरवावं लागतं. चेनपेक्षा मजुरी जड. म्हणून गाडी बघायला सकाळी, इंजिन थंड असतानाच जा. स्टार्ट करताना मागून खरखर आली तर सरळ परत फिरा. ‘गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम असतं’ असं विकणारा सांगेल. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान बदलायला सांगते. बदलल्याचं बिल मागाच. आणि हो, रन-फ्लॅट टायर असतील तर डिकीत स्टेपनी आहे का, तेही बघून घ्या.