आधी आकाश मोजा

वसईहून दक्षिणेच्या क्षितिजाजवळ दुर्बीण रोखून छायाचित्र घेतले, तर चित्राची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा उजळ येते. खाडीपलीकडे मिरा-भाईंदर आणि मुंबईचे दिवे आहेत, त्यांचा हा प्रकाश. चित्रातल्या दीर्घिकेशी त्याचा संबंध नाही, पण तो तिच्या प्रत्येक बिंदूत मिसळलेला असतो. चित्रावर गणिती प्रतिकृती बसवून दीर्घिकेचे तेज आणि आकार काढताना या पार्श्वभूमीला बरेचदा उपऱ्यासारखे वागवतात: आधी अंदाजाने वजा करायची, मग ‘खऱ्या’ कामाला लागायचे. मला हे उफराटे वाटते. पार्श्वभूमी प्रतिकृतीतच हवी, आणि ती सोय खुल्या संगणकप्रणालीत लिहून देणारा खगोलशास्त्रच करत असतो.

आकडे पाहा. अगदी अंधाऱ्या जागीही आकाशाची तेजस्विता दर चौरस विकलेला सुमारे २२ प्रत असते; प्रतीचा आकडा वाढला, की तेज घटते. दीर्घिकेची कड २७ प्रतीपर्यंत मंदावते. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. आकाशाचा अंदाज एक टक्क्याने जास्त धरला, की त्या कडेचा सगळा प्रकाश हिशेबातून गेला. दुकानदार तेल तोलण्याआधी भांड्याचा धडा करतो. इथे भांडेच तेलाच्या शंभर पट जड.

पुण्यात या विषयावर जुने काम आहे. दीर्घिकेचा मध्यफुगवटा आणि तबकडी वेगळी काढण्याची पद्धत योगेश वाडदेकर, अजित केंभवी आणि एका सहकाऱ्याने १९९९ मध्ये मांडली. २०१० मध्ये विनू विक्रम यांच्यासह त्यांची ‘पायमॉर्फ’ ही पायथनमधली प्रणाली आली. पुढे अमेरिकेत तिच्या मदतीने स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या साडेसहा लाखांहून अधिक दीर्घिका मोजल्या गेल्या. मोठ्या दीर्घिकांभोवतीचे आकाश स्लोनच्या मूळ मोजणीत जास्त धरले गेले होते, त्यामुळे त्या होत्या त्याहून मंद दिसत. सर्वांत तेजस्वी दीर्घिका पुढे अधिक वजनदार ठरल्या, त्यात प्रतिकृतीच्या निवडीबरोबरच या पार्श्वभूमीचाही वाटा होता.

पार्श्वभूमी प्रतिकृतीतच घेण्याची सोय कशी असते पाहा: पीटर अर्विन यांच्या ‘इमफिट’ या खुल्या प्रणालीत सपाट आकाशही आहे आणि कलते प्रतलही. पहिल्याला एक आकडा पुरतो. दुसऱ्याला तीन: मध्यातली पातळी आणि दोन दिशांचे उतार. असे सूत्र लिहायला फार ओळी लागत नाहीत. कष्ट असतात ते चाचण्यांत.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. आकडे वाढवले, की लवचीक आकाश दीर्घिकेची फिकट कड स्वतःत गिळून टाकते. हे खरेच घडते, वक्र पार्श्वभूमीत तर सर्रास. म्हणून सुरुवात साध्या प्रतलाने करावी, उत्तर माहीत असलेल्या कृत्रिम दीर्घिका चित्रात पेरून त्या जशाच्या तशा परत मिळतात का ते पाहावे. आधीच वजाबाकी केली म्हणून हा धोका टळत नाही, तो फक्त नजरेआड होतो. दोन्ही एकत्र बसवले तर आकाशाची पातळी आणि दीर्घिकेचा आकार एकमेकांना किती ओढतात, हे त्रुटींच्या आकड्यांतच दिसते. मात्र दीर्घिकेने चौकट भरून टाकली असेल, तर मोकळे आकाश उरतच नाही. तिथे ही सोय बंद ठेवून पातळी बाहेरून द्यावी, आणि हे वापरपुस्तिकेत स्पष्ट लिहिणे सूत्राइतकेच गरजेचे. असे सूत्र लिहून तपासायला दुर्बीण लागत नाही. स्लोनची चित्रे सर्वांना खुली आहेत, विरारमधल्या विद्यार्थ्यालाही.