रुग्ण उचलताना पाठीत काय घडतं?

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर माकडहाड, नितंब, टाचा अशा दाबाच्या जागी रक्तपुरवठा कमी पडून बेडसोर होतात. म्हणजे आठ तासांच्या ड्युटीत एका रुग्णामागे चार वेळा, आणि वॉर्डात असे सहा रुग्ण असले तर चोवीस वेळा. बेडपॅन देणं, स्पंजिंग, चादर बदलणं, पायथ्याशी घसरलेल्याला वर घेणं, स्ट्रेचरवर हलवणं ही कामं वेगळीच. सिस्टर, ब्रदर, मावशी आणि मामा हे रोज करतात आणि काही वर्षांत बहुतेकांची कंबर धरते. ‘या कामात हे चालायचंच’ असं आपण सगळ्यांनी मानून घेतलंय. ते खरं नाही. कंबर का जाते याचं कारण साधं, मोजता येण्याजोगं आहे आणि म्हणूनच टाळताही येतं.

आधी कण्याची रचना पाहू. कमरेच्या भागात पाच मणके आहेत आणि प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती. चकतीच्या मध्यभागी मऊ गर आणि भोवती चिवट तंतूंची वलयं असतात. वाकून उचलताना सर्वांत जास्त ताण तळाच्या दोन चकत्यांवर येतो.

भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाई विहिरीपासून घरापर्यंत चालत येते. तीच कळशी हात लांब करून समोर धरली तर क्षणात हात थरथरतात. वजन तेच, फक्त शरीरापासूनचं अंतर वाढलं. खाटेवर वाकलेल्या सिस्टरच्या बाबतीत हेच होतं. हातांवर १५ किलोचा भार असेल आणि तो कण्यापासून ५० सेंटिमीटर पुढे असेल, तर तो तोलणारे पाठीचे स्नायू मात्र कण्याच्या जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. अंतर दसपट, म्हणून स्नायूंना ओढही दसपट द्यावी लागते: सुमारे १५० किलो. शिवाय वाकल्यामुळे तिचं स्वतःचं डोकं, हात आणि धड पुढे झुकलेलं असतं. ते सावरायला साधारण तेवढीच ओढ आणखी लागते. स्नायूंची ही सगळी ओढ चकतीला दाबते आणि वरचं वजन त्यात मिळून हा दाब ३०० किलोच्या पुढे जातो. हा हिशोब ढोबळ आहे, पण नायॉश या अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने कमरेच्या चकतीवरच्या दाबाची मर्यादा ३,४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३५० किलो धरली आहे. नुसत्या १५ किलोंनी आपण त्या मर्यादेच्या दाराशी पोचतो.

दाब मर्यादेपलीकडे गेला की चकती आणि मणका यांच्या मधल्या पातळ थराला बारीक तडे जातात. प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचं पोषण मुख्यतः याच थरातून झिरपत येतं. तडे भरताना थर घट्ट होतो, पोषण घटतं आणि चकती हळूहळू कमकुवत होते. निरोगी चकतीच्या आतल्या भागात वेदना पोचवणाऱ्या नसा नसल्यामुळे हे सगळं निमूटपणे चालतं. झीज बाहेरच्या वलयांपर्यंत पोचली की मग एखाद्या दिवशी खाली पडलेली उशी उचलताना कळ येते आणि दोष उशीवर जातो. खरी इजा मात्र वर्षानुवर्षं साठत आलेली असते. तिला ठरावीक तारीख नसल्याने ती अपघाताच्या रजिस्टरमध्ये येत नाही आणि भरपाई मागतानाही सिद्ध करणं अवघड जातं.

‘वजन अंगालगत धरा, गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा’ हा नियम खोक्यांसाठी ठीक आहे. सगळं अनुकूल असताना खोकं उचलण्यासाठी नायॉशने २३ किलोची मर्यादा दिली आहे. रुग्णाला मात्र कडी नसते. त्याचं वजन सगळीकडे सारखं नसतं. दुखलं की तो अचानक आखडतो, घाबरला की गळ्याला मिठी मारतो, आणि सलाईन, कॅथेटर सांभाळायचं असतं ते वेगळंच. म्हणून नायॉशचे संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्ण हाताने उचलण्यासाठी ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो ही मर्यादा सुचवली. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के असतो. शंभर किलोच्या रुग्णाचा नुसता पाय ड्रेसिंगसाठी धरला तरी मर्यादा संपली.

मग दोघींनी मिळून उचललं तर? अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात विल्यम मॅरस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. एकट्याने उचलणं फारच धोक्याचं होतं, पण दोघांनी उचलूनही धोका लक्षणीयच राहिला. केवळ उचलण्याच्या पद्धतीचं प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळते, याला अनेक अभ्यास एकत्र तपासूनही आधार मिळालेला नाही. कमरेच्या पट्ट्याची शिफारसही नायॉश करत नाही. दाब कमी करायचा तर उचलणंच कमी केलं पाहिजे.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे खाटेची उंची. आपल्याकडच्या कितीतरी खाटांना डोक्याकडचा आणि गुडघ्यांकडचा भाग वर करायची कळ असते, पण पूर्ण खाट वर घेता येत नाही. खाटा भरल्या की गादी जमिनीवर येते, आणि तिथे तर कंबर पूर्णच वाकते. खाट काम करणाऱ्याच्या कमरेइतकी वर आली की बरंचसं वाकणं आपोआप वाचतं.

दुसरी गोष्ट घर्षण. गादीवर घातलेल्या रबरी मॅकिंटॉशवर ओलसर चादर असली की रुग्ण चिकटून बसतो आणि ओढायला जास्त जोर लागतो. गुळगुळीत कापडाची स्लाइड शीट खाली घातली की तोच रुग्ण सरकतो. स्ट्रेचरवर घेताना मधली फट ट्रान्सफर बोर्डने भरायची आणि दोन्हीकडचे ब्रेक लावायचे. ज्याला अजिबात हालता येत नाही त्याच्यासाठी होइस्ट, म्हणजे रुग्ण उचलणारं यंत्र.

तिसरी गोष्ट रुग्णाची स्वतःची ताकद. वर सरकवण्यापूर्वी, परवानगी असेल तर, डोक्याकडचा भाग सपाट करावा. गुडघे दुमडून टाचांनी रेटा द्यायला सांगावं आणि एक-दोन-तीन म्हणून सगळ्यांनी एकदमच हलवावं. काखेत हात घालून ओढणं बंदच करावं. त्यात रुग्णाचा खांदाही दुखावतो. रुग्ण पडू लागला तर त्याला झेलू नये. त्याचं डोकं सांभाळत अंगालगत हळू खाली बसू द्यावं आणि मग मदत बोलवावी.

कंबरदुखीबरोबर पायात बधिरता आली, पाऊल उचलेनासं झालं, जांघेतली संवेदना गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर ड्युटी संपायची वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठावा. दुखणं साधं असलं तरी त्याची नोंद करावी. कुठला रुग्ण, कोणतं काम, किती जण होते, हे लिहिलेलं असेल तरच वॉर्डात काय कमी आहे ते दिसतं.

ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांनी मालकाला क्रमच घालून दिला आहे: धोक्याची उचल टाळता येत असेल तर टाळा, नसेल तर धोका तपासा आणि मग तो कमी करा. आपल्याकडे तपासण्या नि यंत्रांसाठी कोट्यवधी खर्च करणाऱ्या रुग्णालयांना स्लाइड शीटचा खर्च जड नाही. मेट्रनने मागणीपत्रात ती लिहावी, परिचारिकांच्या संघटनांनी उंची बदलणाऱ्या खाटांचा आग्रह पगाराइतक्याच जोराने धरावा, आणि खरेदी करणाऱ्यांनी या दोन्हींना आरामाच्या वस्तू न समजता हातमोज्यांइतकंच आवश्यक मानावं.